पिवळी फुलं, कोरडी बाग आणि ऑगस्टचा महिना

एप्रिल उजाडला, की भंडाऱ्यात आणि आसपासच्या तालुक्यांत एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "पाणी न मागणारं, पिवळं फुलणारं, आपल्याच भागातलं असं काहीतरी सांगा. दरवर्षी नवीन रोप आणायला लागू नये." पुढच्या वर्षी त्यांतलेच काही जण पुन्हा भेटतात आणि सांगतात, "लावलं होतं, पण उन्हानं गेलं."

बहुतेक वेळा ते उन्हानं गेलेलं नसतं. केव्हा गेलं, हे मी खोदून विचारतो. तेव्हा कळतं, की पानं पोळ्याच्या सुमारास पिवळी पडू लागली होती, गणपतीत खोड मऊ लागत होतं आणि दिवाळीपर्यंत काडी उरली होती. म्हणजे झाड ऑगस्टमध्ये मेलं होतं, आपल्या लक्षात उशिरा आलं.

आपल्या जिल्ह्यातल्या कोरड्या बागेची मुख्य अडचण हीच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि अंगणातली माती तव्यासारखी तापते. पण वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊसही इथेच पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हा धानाचा आणि तलावांचा मुलूख आहे. कोरड्या बागेबद्दल पुस्तकांत जे वाचायला मिळतं, ते कमी पावसाच्या प्रदेशासाठी लिहिलेलं असतं. तुमच्या झाडाला आठ महिने कोरड सोसायची आहे आणि चार महिने चिखल. दोन्ही सोसणारी झाडं इथे आहेत. पण त्यांना जागा नीट करून द्यावी लागते, म्हणून झाडांच्या नावांआधी मातीबद्दल बोलतो.

आधी खड्डा खणून पाणी ओता

तुमची माती कोणती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर ते एका शब्दात सांगतील: कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार की बर्डी. ही नावं धानाच्या शेतकऱ्यांची आहेत आणि बागेलाही तितकीच उपयोगी आहेत. कन्हार म्हणजे भारी काळी माती. पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते. सिहार हलकी, वाळूमिश्रित. बर्डी म्हणजे उंचवट्यावरची खडेगोटे असलेली जमीन, जिथे धान नीट येत नाही म्हणून लोक नाक मुरडतात. आपल्या कामासाठी मात्र बर्डीच सगळ्यांत चांगली. तुमसरच्या उत्तरेला आंबागडच्या बाजूला ज्यांची घरं मुरमाड जमिनीवर आहेत, त्यांचं अर्धं काम झालेलंच आहे. पवनीकडच्या काळ्या जमिनीवर किंवा जुन्या बांधीत भर घालून घर बांधलेल्यांना थोडी मेहनत आहे.

नाव माहीत नसेल, तर ही परीक्षा करा. तिला एक दिवस आणि पाच-सहा बादल्या पाणी लागतं:

- जिथे झाड लावायचं, तिथे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा खणा.
- तो पाण्यानं भरा आणि पूर्ण जिरू द्या.
- लगेच दुसऱ्यांदा भरा आणि घड्याळ बघा.
- तीन-चार तासांत पाणी जिरलं, तर सपाट जमिनीवर लावायला हरकत नाही.
- संध्याकाळपर्यंत पाणी दिसत राहिलं, तर वरंबा करावा लागेल.
- दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी असेल, तर वरंब्याशिवाय काहीही लावू नका, मग ते झाड कितीही काटक असो.

वरंबा दीड ते दोन फूट उंच आणि तळाशी किमान चार फूट रुंद हवा. दोन घमेली मुरूम, दोन घमेली तिथलीच माती आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, असं मिश्रण मी वापरतो. मे महिन्यातच तो रचून ठेवा. पहिल्या एक-दोन पावसांत तो खाली बसतो. जिथे बसेल तिथे भर घाला आणि मगच लागवड करा. मुरूम गौण खनिजात मोडतो. नाल्यातून किंवा टेकडीवरून स्वतः खणून आणू नका, पावती देणाऱ्याकडूनच घ्या.

इथे एक चूक फार होते. उन्हाळ्यात मामा तलावांतला गाळ निघतो, ट्रॉलीनं घरापर्यंत येतो आणि "काळं सोनं आहे" म्हणून आपण तो अंगणात पसरतो. धानाच्या बांधीला तो उत्तम. पण तो पाणी धरून ठेवतो आणि खाली सांगितलेल्या झाडांच्या मुळांना पावसाळ्यात नेमकं तेच नको असतं. मी स्वतः अशा गाळावर तरवडाची ओळ लावली होती. जुलैच्या अखेरीस रोपं गुडघ्यापर्यंत आली होती. सप्टेंबरात एकही शिल्लक नव्हतं. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी पडली होती आणि त्यांची साल बोटानं निघून येत होती.

मातीची नीट तपासणी करून घ्यायची असेल, तर साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. पण निचऱ्याचं उत्तर वरचा खड्डाच देतो.

'पिवळं' आणि 'आपलं' यांतली गफलत

रोपवाटिकेत जाऊन "पिवळं फुलणारं देशी झाड द्या" म्हटलं, की बहुधा यांतलं काहीतरी हातात पडतं:

- पिवळी कण्हेर (बिट्टी): मूळची अमेरिका खंडातली. हिच्या सगळ्या भागांत, विशेषतः बियांत, हृदयावर परिणाम करणारं विष असतं.
- टिकोमा: पिवळ्या घंटांचे घोस येणारं झुडूप. हेही अमेरिकेतलं.
- अलामांडा: दक्षिण अमेरिकेतलं. शिवाय त्याला पाणी लागतं.
- कॅशिया बायफ्लोरा: तरवड म्हणून सर्रास खपवली जाणारी अमेरिकी झुडूपवजा जात.
- सोनमोहर: रस्त्याकडेला सगळीकडे लावलेला, तरी आपल्या रानातला नव्हे. मोठा वृक्ष होतो, अंगणाला झेपत नाही.
- वेडेलिया: जमिनीवर पसरणारी, पिवळ्या फुलांची. एकदा शिरली की ओल्या जागी सगळं झाकून टाकते. आपला पिवळा माका दिसायला तिच्यासारखा, पण तो वेगळा.

झेंडूही मेक्सिकोतून आला आणि दसऱ्याच्या तोरणात बसला. त्यामुळे परकी म्हणून या झाडांचा राग करावा, असं मी म्हणत नाही. तुमच्या अंगणात जुना टिकोमा आनंदात असेल, तर असू द्या. वेडेलिया मात्र काढा आणि तिचा पाला नाल्यात टाकू नका, कारण तिचा प्रत्येक तुकडा रुजतो.

मग देशी कशाला लावायचं? एक व्यावहारिक कारण आहे. वर म्हटलेलं आठ महिने कोरड आणि चार महिने चिखल हे चक्र या भागातल्या झाडांच्या अंगवळणी आहे. दुसरं कारण फुलपाखरांचं. बहावा आणि तरवडाच्या पानांवर पिवळसर-हिरवट रंगाच्या भटक्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. परक्या टिकोमावर ती फार तर मध प्यायला येतील.

काय लावाल

तरवड. एकच झाड निवडायचं असेल, तर हे निवडा. छातीएवढं ते डोक्याएवढं होणारं झुडूप. पाऊस ओसरला की फुलांनी भरतं आणि एरवीही वर्षभर थोडं-थोडं फुलत राहतं. दख्खनच्या कोरड्या माळांवर ते आपलं आपण उगवतं. याची साल पूर्वी कातडं कमावायला वापरत. शेजारच्या तेलंगणात हेच 'तंगेडू', बतुकम्माच्या फुलांच्या रचनेतलं महत्त्वाचं फूल आणि त्या राज्याचं राज्यफूल.

ओळखायचं कसं? पानाच्या देठाशी, फांदीला लागून, कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर हिरवी उपपर्णं असतात. ती असतील तर तरवड. ती नसतील आणि फुलं जोडीजोडीनं आलेली असतील, तर बहुधा बायफ्लोरा. मला एका रोपवाटिकेनं तरवड म्हणून दिलेली डझनभर रोपं दोन वर्षांनी फुलली, तेव्हा मला हे कळलं. तुम्ही विकत घेतानाच देठाशी बघा.

तरवड रोपापेक्षा बियांपासून चांगलं येतं. त्याचं सोटमूळ लवकर खोल जातं. पिशवीत अडकलं की तळाशी गुंडाळी होते आणि ती गुंडाळी आयुष्यभर तशीच राहते. बियांचं कवच टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, त्यात बिया टाका, रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी ज्या फुगलेल्या दिसतील त्या लावायला तयार. न फुगलेल्या खरबरीत दगडावर एका बाजूनं हलक्या घासा आणि पुन्हा भिजवा. वरंब्यावर एकेका जागी तीन-तीन बिया टोबा, नंतर जोमदार असेल ते एक ठेवा. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवा.

पिवळी कोरांटी. कुंपणासाठी हिला तोड नाही. कमरेएवढी वाढते, पानांच्या बगलेत अणकुचीदार काटे असतात, त्यामुळे ढोरं तोंड लावत नाहीत. पावसाळा संपल्यावर फुलायला लागते आणि थंडीभर फुलते, म्हणजे बागेत दुसरं काही नसतं तेव्हा. हिला वज्रदंती म्हणतात, कारण दातांसाठी हिचा वापर होत आला आहे. कोरांटी असलेल्या कोणत्याही घरून जुलैत फांदी मागून आणा. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार पेरांची काडी निम्मी जमिनीत खोचा. दोन फुटांवर एक, अशी ओळ लावा. लहान मुलं खेळतात त्या वाटेवर मात्र लावू नका.

रानभेंडी. कपाशीच्या फुलासारखं मोठं पिवळं फूल आणि आत गडद तांबडा डोळा. मध्य भारताच्या पानझडी जंगलात सापडणारं हे झुडूप रोपवाटिकेत क्वचितच दिसतं, याचं मला फार वाईट वाटतं. सप्टेंबर ते डिसेंबर फुलतं. उन्हाळ्यात वरचा भाग सुकला, तरी जमिनीतल्या जाड मुळातून पावसात पुन्हा फुटतं. झाडाखालच्या विरळ सावलीतही चालतं.

मुद्रा (पेटारी). चाकासारखं नक्षीदार फळ येतं. लहानपणी तुम्ही त्याचा शिक्का उठवला असेल, नावही त्यावरूनच आलं. फुलं दुपार कलल्यावर उमलतात. हिचं आयुष्य थोड्याच वर्षांचं, पण बी स्वतःच पडून रुजतं, त्यामुळे जागा रिकामी राहत नाही. मागच्या कोपऱ्यात लावा, दर्शनी भागात ती विस्कटलेली दिसते.

कळलावी. ही वेल कोरड्या बागेच्या यादीत का, असं वाटेल. पण हिचं वेळापत्रक आपल्या हवामानाबरहुकूम आहे. पावसात कंदातून वर येते, फुलते, पाऊस गेला की वरची वेल वाळते आणि कंद उन्हाळाभर जमिनीत झोपून राहतो. फूल आधी पिवळं, मग लालभडक होत जातं. सगळी वनस्पती विषारी आहे आणि कंद सर्वांत जास्त. रताळ्याशी किंवा दुसऱ्या कंदाशी गल्लत होऊन जीव गेले आहेत. घरात लहान मूल असेल, तर लावू नका.

गणेर (सोनसावर). जागा असेल आणि जमीन मुरमाड असेल, तर नक्की लावा. फेब्रुवारी ते एप्रिल, अंगावर एकही पान नसताना, तळहाताएवढी झळझळीत पिवळी फुलं. कन्हारीत लावायच्या भानगडीत पडू नका, खडकाळ उतार हेच त्याचं घर. बियांवर कापूस असतो, तो काढून कवच घासून भिजवा. चारी बाजूंनी बारा-पंधरा फूट मोकळी जागा ठेवा.

बहावा. याची ओळख करून द्यायला नको. पूर्ण फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो, असा आपल्याकडे समज आहे. भिंतीपासून किमान दहा फूट लांब लावा. बियांपासून लावल्यास फुलायला बरीच वर्षं लागतात, तेवढा धीर ठेवा. भारी जमिनीतही वरंब्यावर निभावतो. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत बहुधा मिळतो, तेव्हा खासगीत दुप्पट पैसे देण्याआधी तिथे विचारा.

यांतली चार झाडं निवडलीत, तरी वर्षभर अंगणात कुठेतरी पिवळं राहील. लहान अंगणासाठी माझी निवड सांगतो. कुंपणाला कोरांटी, वरंब्यावर तीन तरवड, त्यांच्या मागे दोन रानभेंड्या आणि जागा उरली तर कोपऱ्यात एक गणेर.

पिवळ्या पळसाच्या मागे लागू नका

दर होळीच्या सुमारास कुणीतरी विचारतं, की पिवळ्या पळसाचं रोप कुठे मिळेल. नेहमीच्या केशरी पळसाचंच हे दुर्मीळ पिवळं रूप आहे. धनलाभाच्या आणि मंत्रतंत्राच्या समजुतींमुळे त्याच्या फुलांना आणि सालीला लोक वाटेल ती किंमत देतात आणि उभी झाडं सोलून निघतात. पिवळ्या झाडाच्या बियांपासून आलेलं रोप पिवळंच फुलेल, याची खात्री नसते. शिवाय पळस फुलायला वर्षं लागतात, तोवर विकणारा कुठे असेल कोण जाणे. कुठे पिवळा पळस दिसला, तर बघा, आनंद घ्या आणि ठिकाण चारचौघांत सांगत सुटू नका.

लागवडीचं वर्ष

- फेब्रुवारी ते मे: बिया जमवा. खड्ड्याची परीक्षा, वरंबा, मुरूम, शेणखत ही कामं याच काळात उरका. जागेवर दिवसभरात किती तास ऊन येतं, तेही बघून ठेवा. किमान सहा तास हवं.
- मृग: पहिल्या सरीला भुलून लागवड करू नका. मृगात दोन सरी येऊन पंधरा दिवस उघडीप, हे आपण दर दोन-तीन वर्षांनी पाहतो. माती वीतभर खोल भिजली, की मगच हात घाला.
- जुलै: मुख्य लागवड आणि कोरांटीच्या काड्या.
- ऑगस्ट: दर मोठ्या पावसानंतर बागेत चक्कर मारा. पाणी कुठे साचतं ते बघा आणि कुदळीनं चर काढून वाट करून द्या. या महिन्यात खत, पाणी, औषध काहीही देऊ नका. द्यायची असेल, तर पाण्याला जायला जागा द्या.
- दसरा ते दिवाळी: पाऊस थांबल्यावर माती हलकी खुरपा आणि तणसाचं आच्छादन घाला. धान निघाल्यावर तणस मुबलक असतं. थर चार बोटांचा पुरे. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर उधई तणसातून थेट खोडात शिरते.
- जानेवारी ते मे: पाणी. त्याबद्दल खाली.

पाणी: किती, केव्हा आणि कधी बंद

'पाणी न मागणारं झाड' ही गोष्ट तिसऱ्या वर्षापासून खरी असते. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. फक्त रोज तांब्याभर नको. रोज थोडं पाणी मिळालं, की मुळं वरच्या वर पसरतात आणि एक आठवडा तुम्ही लग्नाला गेलात, की झाड संपतं.

पहिल्या उन्हाळ्यात दर आठ दिवसांनी झुडपाला एक बादली, म्हणजे दहा-बारा लिटर, सावकाश जिरेल असं द्या. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. तिसऱ्या उन्हाळ्यात देऊ नका. काही पानं गळतील, ती गळू द्या. पानगळ हा या झाडांचा उन्हाळा काढायचा मार्ग आहे, आजार नव्हे. आपल्याला कळवळा येतो आणि आपण मे महिन्यात नळी सोडतो. त्या तापलेल्या ओल्या मातीत मुळांना बुरशी धरते.

गावी जाणं-येणं असेल, तर जुनं मातीचं मडकं झाडापासून हातभर अंतरावर तोंडापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, वर ताटली झाका. पाणी झिरपत राहतं. मडकं रंगवलेलं किंवा तेलकट नको. पावसाळ्याआधी ते आठवणीनं काढा किंवा रिकामं करून झाका, नाहीतर झाडाशेजारी डासांची बोडी तयार होते.

खत, छाटणी, किडे

युरिया नको. पानं लुसलुशीत होतात, फुलं कमी येतात आणि मावा धरतो. वर्षातून एकदा, पाऊस सुरू होताना, घमेलंभर शेणखत पुरे. तरवडाची छाटणी मोठा बहर ओसरल्यावर एक तृतीयांशापर्यंत करा, म्हणजे खालून फुटवे येतात. कोरांटी दर दोन वर्षांनी गुडघ्यापर्यंत कापली तरी चालते.

तरवडावर किंवा बहाव्यावर हिरव्या अळ्या दिसल्या, तर फवारू नका. पंधरा दिवसांत त्यांची फुलपाखरं होतात आणि झाड पुन्हा पालवतं. रोप अगदीच लहान असेल, तर अळ्या उचलून शेजारच्या मोठ्या झाडावर ठेवा.

खरी भीती शेळ्यांची आहे. धान निघालं की ढोरं-शेळ्या मोकळ्या सुटतात. पहिली दोन वर्षं काटेरी झाप लावा. बहाव्याच्या आणि गणेरच्या लहान रोपांना त्याशिवाय सोडू नका.

रोप आणताना तुमचे हक्क आणि मर्यादा

*जंगलातून उपटून आणू नका.* राखीव जंगलातून झाड, कंद किंवा इतर वनोपज परवानगीशिवाय आणणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. कोका आणि नागझिरा ही अभयारण्यं आहेत. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ त्याहून कडक आहे, एक कळलावीचा कंदसुद्धा उचलायचा नाही. शिवाय रानातून उपटलेलं मोठं झुडूप क्वचितच जगतं, म्हणजे नुकसान दोन्हीकडे.

*बिया हव्या असतील तर रीतसर मार्ग आहे.* वनहक्क कायदा, २००६ नुसार जिथे सामूहिक वनहक्क मान्य झाले आहेत, तिथे गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क त्या गावकऱ्यांचा आहे. अशा गावच्या ग्रामसभेशी बोला आणि बिया विकत घ्या. रानभेंडी कुठे आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्या माहितीचेही पैसे द्या.

*बिलावर नाव लिहून घ्या.* मोठी खरेदी असेल, तर झाडाचं मराठी आणि शास्त्रीय नाव दोन्ही बिलावर मागा. तरवडाचं शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, गणेरचं कोक्लोस्पर्मम रिलिजिओसम, कोरांटीचं बार्लेरिया प्रायोनायटिस. एक सांगून दुसरं दिलं, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तुम्ही दाद मागू शकता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. एका रोपासाठी कुणी इतकं करत नाही, पण शाळेच्या किंवा वसाहतीच्या आवारासाठी शंभर रोपं घेताना बिल नसेल, तर बोलायला जागा राहत नाही.

*लावण्याआधी तोडण्याचा कायदा माहीत करून घ्या.* बीजा आणि हळदू हेही पिवळे फुलणारे आपले देखणे वृक्ष आहेत आणि मोठ्या आवारात ते लावावेत, असं मला मनापासून वाटतं. पण महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत ही दोन्ही झाडं आहेत. स्वतःच्या जमिनीत स्वतः लावलेलं असलं, तरी तोडायला परवानगी लागते. नगर परिषदेच्या हद्दीत तर झाड कोणतंही असो, १९७५ च्या नागरी क्षेत्रांसाठीच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून विजेच्या तारेखाली, सेप्टिक टँकजवळ किंवा पुढेमागे खोली वाढवायची आहे त्या जागी वृक्ष लावू नका, झुडूप लावा.

*विषबाधेची शंका आली तर* थांबू नका. पिवळ्या कण्हेरीची बी किंवा कळलावीचा कंद कुणी खाल्ला असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि खाल्लेल्या झाडाचा तुकडा पिशवीत घालून डॉक्टरांकडे सोबत न्या. काय खाल्लं हे त्यांना कळणं उपचारासाठी महत्त्वाचं असतं.

उपटण्याआधी नखानं खरवडा

पहिल्या उन्हाळ्यात मला सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी, की "गणेर वाळला, रानभेंडी गेली, काढून टाकू का?" काढू नका. खोडाच्या सालीवर नखानं हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तिथे तपकिरी दिसलं, तर अजून चार बोटं खाली खरवडा. रानभेंडी तर जमिनीपर्यंत वाळली, तरी जुलैपर्यंत वाट बघा. कळलावी वाळायच्या आत तिच्या जागी एक खुंटी ठोकून ठेवा. वेल नाहीशी झाली की कंद नेमका कुठे आहे ते आठवत नाही आणि उन्हाळ्यात बाग खणताना पहिली कुदळ नेमकी त्याच्यावर पडते.